‘डिझायरेबल’ : हवेसे वाटणारे की हवे असायला हवे असे?

आरोग्यविषयक पत्रकांचे इंग्रजीतून मराठीत भाषांतर करण्याचे काम मी काही वर्षे करत आहे. रक्तातील कोलेस्टेरॉलच्या तपासणीचा अहवाल कसा वाचावा, हे सर्वसामान्य वाचकाला समजावून सांगणारे एक पत्रक सध्या माझ्यापुढे आहे. त्यातील तक्त्यात एकूण कोलेस्टेरॉल दर डेसिलिटरला 200 मिलिग्रॅमपेक्षा कमी असल्यास ‘डिझायरेबल’, 200 ते 239 असल्यास सीमारेषेवरचे आणि 240 किंवा त्याहून अधिक असल्यास जास्त, अशी विभागणी केलेली आहे. पहिल्या गटासाठी मी ‘वांछनीय’ हा शब्द योजला आणि मसुदा आत्याला वाचायला दिला, कारण हे पत्रक तिच्यासारख्या वाचकांसाठीच आहे. तिने तक्ता वाचून विचारले, “वांछनीय म्हणजे कुणी वांछायचे? डॉक्टरांनी की मी?”

या प्रश्नाचे उत्तर मला लगेच देता आले नाही, आणि विचार करू लागल्यावर अडचण मूळ इंग्रजी शब्दातच आहे असे वाटू लागले. ‘डिझायर’ म्हणजे इच्छा. त्याला ‘एबल’ हा प्रत्यय लागून ‘डिझायरेबल’ झाला. हा प्रत्यय लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला आणि तो सगळीकडे एकाच अर्थाने लागत नाही. ‘रीडेबल’ म्हणजे वाचता येण्याजोगे, तर ‘लव्हेबल’ म्हणजे प्रेम करावे असे वाटायला लावणारे. ‘पेएबल’ म्हणजे नुसते भरता येण्याजोगे नव्हे, तर भरणे बंधनकारक असलेले. मग ‘डिझायरेबल’ म्हणजे ज्याची इच्छा होऊ शकते ते, ज्याची इच्छा होतेच ते, की ज्याची इच्छा धरणे योग्य आहे ते? कोलेस्टेरॉलच्या तक्त्यात पहिले दोन अर्थ संभवत नाहीत. जाहिरातीत एखाद्या घराला ‘डिझायरेबल’ म्हटले असेल, तर तिसरा अर्थ क्वचितच अभिप्रेत असतो. या शब्दाला मराठीत एकच प्रतिशब्द पुरेल की संदर्भानुसार वेगवेगळे शब्द योजावे लागतील, याविषयी जाणकारांनी लिहावे, अशी विनंती आहे.

प्रतिसाद : व्याकरणाचे एक अभ्यासक

आपण ‘एबल’ प्रत्ययाविषयी जे निरीक्षण नोंदवले आहे, ते संस्कृतातील कृत्य प्रत्ययांना जवळजवळ तसेच लागू पडते, आणि ‘वांछनीय’ हा शब्द त्याच प्रत्ययांनी घडलेला असल्यामुळे आपल्या आत्याबाईंना पडलेला प्रश्न व्याकरणाच्या दृष्टीनेही अगदी रास्त आहे. तव्य, अनीय, य हे कृत्य प्रत्यय. कर्तव्य, करणीय, कार्य ही एकाच धातूची तीन रूपे त्यांतूनच आली. पाणिनीने या प्रत्ययांचे अर्थ सांगताना एका सूत्रात (3.3.169) ‘अर्ह’ म्हणजे योग्यता हा अर्थ दिला आहे आणि दोनच सूत्रे सोडून पुढे (3.3.172) ‘शक्’ म्हणजे सामर्थ्य, शक्यता हा अर्थ दिला आहे. परंपरागत वृत्तीत, म्हणजे सूत्रांवरील विवरणात, दोन्ही सूत्रांखाली ‘वोढव्य’ हेच रूप उदाहरण म्हणून येते. एका ठिकाणी ते विवाह करण्यास योग्य कन्येविषयी आहे आणि दुसऱ्या ठिकाणी वाहता येण्याजोग्या भाराविषयी. शब्दाचे रूप एकच राहते, आणि अर्थ ‘करता येईल असे’ आहे की ‘करण्यास योग्य असे’, हे संदर्भावरून ठरते.

त्यामुळे ‘वांछनीय’ हा ‘डिझायरेबल’चा घडणीच्या दृष्टीने अचूक प्रतिशब्द आहे असे मी म्हणेन, आणि त्याच कारणाने त्यात मूळ शब्दातील संदिग्धताही पूर्णपणे उतरली आहे, असेही म्हणेन. भाषांतर म्हणून हे प्रामाणिक आहे. मात्र पत्रकाच्या वाचकाला त्याचा उपयोग किती, हा वेगळा प्रश्न आहे.

येथे एक चूक वारंवार दिसते, म्हणून तिचा उल्लेख करतो. ‘अवांछित’ आणि ‘अवांछनीय’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात. ‘अवांछित’ म्हणजे ज्याची इच्छा कुणी केलेली नाही ते. ती केवळ वस्तुस्थिती झाली. ‘अवांछनीय’ म्हणजे ज्याची इच्छा करणे योग्य नाही ते. हा निर्णय झाला. न मागता आलेले पत्र अवांछित असू शकते आणि तरीही ते वाचून आपले भले होऊ शकते.

प्रतिसाद : तत्त्वज्ञानाच्या एक विद्यार्थिनी

ज्या शब्दाविषयी आपण विचारले आहे, त्याच शब्दावर नीतिशास्त्रातील एक अतिशय प्रसिद्ध वाद उभा राहिलेला आहे, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहिते.

इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांनी उपयुक्ततावादावरचे आपले लेखन 1861 मध्ये एका मासिकातून आणि 1863 मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. सुख हेच अंतिम साध्य आहे हे पटवून देताना त्यांनी असा युक्तिवाद केला की, एखादी वस्तू दृश्य आहे याचा पुरावा म्हणजे लोक ती प्रत्यक्ष पाहतात, ध्वनी श्राव्य आहे याचा पुरावा म्हणजे लोक तो ऐकतात, आणि त्याचप्रमाणे एखादी गोष्ट ‘डिझायरेबल’ आहे याचा एकमेव पुरावा लोक तिची प्रत्यक्ष इच्छा करतात हाच असू शकतो. तत्त्वज्ञ जी. ई. मूर यांनी 1903 मध्ये या युक्तिवादावर कठोर टीका केली. त्यांचे म्हणणे असे की, ‘व्हिजिबल’ म्हणजे दिसू शकणारे हे खरे असले, तरी ‘डिझायरेबल’ म्हणजे इच्छिले जाऊ शकणारे असा अर्थ होत नाही. त्याचा अर्थ इच्छिण्यास योग्य असा होतो, जसा ‘डिटेस्टेबल’ म्हणजे तिरस्कार करता येण्याजोगे नसून तिरस्कारास पात्र असे असते. लोक वाईट गोष्टींचीही इच्छा करतात, म्हणून त्या गोष्टी इष्ट ठरत नाहीत.

मूर यांचा आक्षेप शब्दार्थापुरता मला पूर्ण पटतो, परंतु त्यामुळे मिल यांना व्याकरणाची प्राथमिक चूक करणारे ठरवणे मला अन्यायाचे वाटते. त्यांनी ‘पुरावा’ हा शब्द वापरला होता. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच आहे, असे ते म्हणत नव्हते. अंतिम साध्यांविषयी नेहमीच्या अर्थाने सिद्धता देता येत नाही, हे त्यांनी स्वतःच मान्य केलेले होते. एखादी गोष्ट इच्छिण्यास योग्य आहे की नाही हे ठरवताना, माणसे विचारपूर्वक आणि सातत्याने कशाची इच्छा करतात याकडे पाहण्यावाचून आपल्यापाशी दुसरा आधार कोणता, असा त्यांचा रोख होता असे मला वाटते.

आपल्या परंपरेत हाच भेद कठोपनिषदात दोन स्वतंत्र शब्दांनी केलेला आहे. श्रेय आणि प्रेय ही दोन्ही माणसापुढे येतात आणि विवेकी मनुष्य त्यांची पारख करून श्रेय निवडतो, असे तेथे सांगितले आहे. इंग्रजीत ‘डिझायरेबल’ हा एकच शब्द दोन्ही बाजूंना वापरता येतो आणि त्यामुळेच तो वादाला कारण झाला.

धागाकर्ता

आपणा दोघांचे मनापासून आभार. तत्त्वज्ञानाचा प्रतिसाद वाचत असताना एक गोष्ट प्रकर्षाने लक्षात आली, ती लगेच मांडतो. ‘इष्ट’ हा शब्द ‘इष्’ म्हणजे इच्छिणे या धातूचे भूतकालवाचक रूप आहे. म्हणजे त्याचा मूळ अर्थ ‘इच्छिलेले’ एवढाच. ‘इष्टदेवता’ म्हणजे आपण निवडलेली, आपल्याला प्रिय असलेली देवता, येथे तो अर्थ अजून टिकून आहे. परंतु आज आपण “या वेळी तेथे जाणे इष्ट नाही” असे म्हणतो, तेव्हा जाण्याची इच्छा कुणालाच नाही असे आपल्याला म्हणायचे नसते. उलट जाण्याची इच्छा असलेल्यालाच आपण हे सांगत असतो. ‘इच्छिलेले’ या अर्थाचा शब्द मराठीत ‘इच्छिण्यास योग्य’ या अर्थापर्यंत येऊन पोहोचला आहे. मिल यांच्यावर जो प्रवास विनापरवाना केल्याचा आरोप झाला, तो प्रवास आपल्या भाषेने या एका शब्दापुरता पूर्ण केलेला दिसतो.

याहूनही जवळचे उदाहरण ‘हवे’ आणि ‘पाहिजे’ यांचे आहे. “मला पुस्तक हवे” यात इच्छा आहे. “हे पुस्तक वाचायला हवे” यात कर्तव्य आहे. “मला वेळ पाहिजे” आणि “मी वेळ द्यायला पाहिजे” यांतही तेच घडते. एकाच शब्दाने आपण इच्छाही सांगतो आणि बंधनही सांगतो, आणि तरीही आपला गोंधळ होत नाही, कारण वाक्यरचना वेगळी होते. ‘वांछनीय’ म्हटल्यावर ही रचना उपलब्ध राहत नाही, आणि बहुधा त्यामुळेच आत्याला “कुणी?” असे विचारावे लागले.

उपप्रतिसाद : व्याकरणाचे एक अभ्यासक

आपले ‘पाहिजे’चे उदाहरण फार नेमके आहे, कारण ते ‘पाहणे’ या क्रियापदाचे जुने कर्मणी रूप आहे. ‘म्हणजे’ हे जसे ‘म्हटले जाते’ या अर्थाच्या रूपातून आले, तसे ‘पाहिजे’ हे ‘पाहिले जाते’, म्हणजे ज्याची वाट पाहिली जाते, जे शोधले जाते, या अर्थाच्या रूपातून आले. ‘इष्’ धातूचाही जुना अर्थ शोधणे असाच आहे. अन्वेषण, गवेषणा हे शब्द त्याच कुळातील आहेत. लॅटिनमधील ज्या ‘देसिदेरारे’ क्रियापदातून ‘डिझायर’ आला, त्यात एखाद्या गोष्टीची उणीव जाणवणे, तिची आस लागणे हा भाव आहे, आणि त्याचा संबंध ‘सीदुस’ म्हणजे तारा या शब्दाशी जोडला जातो. तीन भाषांतील तीन शब्द शेवटी शोधणाऱ्या नजरेपाशीच पोहोचतात, याचा मला आनंद वाटतो.

आणखी एक नोंद. संस्कृतात इच्छा दाखवण्यासाठी धातूला ‘सन्’ प्रत्यय लागतो आणि त्यातून जिज्ञासा, पिपासा, विवक्षा असे शब्द तयार होतात. पाश्चात्त्य व्याकरणकार या रूपांना ‘डिझिडरेटिव्ह’ म्हणतात. हे नावही त्याच लॅटिन क्रियापदापासून आलेले आहे.

प्रतिसाद : भरतीचे काम पाहणारे एक सदस्य

नोकरीच्या जाहिरातीत ‘इसेन्शियल’ आणि ‘डिझायरेबल’ असे दोन रकाने असतात. पहिल्यातील अट पूर्ण नसेल तर अर्ज बाद होतो. दुसऱ्यातील नसेल तर होत नाही. मराठीत आम्ही दुसऱ्या रकान्यात “असल्यास प्राधान्य” असे लिहितो, परंतु ते काटेकोर नाही, कारण प्राधान्य देणे हा पुढचा निर्णय आहे आणि मूळ शब्द केवळ अपेक्षा सांगतो. “असल्यास उत्तम” हे अधिक खरे भाषांतर आहे, असे माझे मत आहे.

प्रतिसाद : पाणीपुरवठा क्षेत्रातील एक अभियंता

आमच्या क्षेत्रात या शब्दाची जागा प्रत्यक्ष बदललेली आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाच्या 1991 च्या आवृत्तीत अनेक घटकांसाठी दोन मर्यादा होत्या. एक ‘डिझायरेबल’ आणि दुसरी, पर्यायी स्रोत नसेल तेव्हा चालू शकणारी, ‘परमिसिबल’. विरघळलेल्या एकूण घन पदार्थांसाठी पहिली मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम आणि दुसरी 2000 मिलिग्रॅम होती. 2012 च्या आवृत्तीत पहिल्या मर्यादेचे नाव ‘ॲक्सेप्टेबल’ असे झाले. आकडा तोच राहिला, तरी मला हा बदल महत्त्वाचा वाटतो. ‘डिझायरेबल’ वाचणाऱ्याला ती मर्यादा म्हणजे गाठता आली तर गाठायचे उद्दिष्ट वाटू शकते. ‘ॲक्सेप्टेबल’ म्हटल्यावर त्यापलीकडचे पाणी मुळात स्वीकारण्याजोगे नाही आणि पुढची सवलत नाइलाजापुरती आहे, हे अधिक स्पष्ट होते. म्हणून तक्त्यातील शब्दाचे भाषांतर करताना त्या शब्दाच्या शेजारी कोणते शब्द बसले आहेत, हे पाहूनच निर्णय घ्यावा. ‘इसेन्शियल’च्या शेजारी तो सौम्य होतो, ‘परमिसिबल’च्या शेजारी तो कडक होतो.

प्रतिसाद : एक नियमित वाचक

माणसाविषयी हा शब्द वापरतात तेव्हा काय करावे? इंग्रजी कादंबऱ्यांत एखाद्या व्यक्तीला ‘डिझायरेबल’ म्हटलेले असते आणि मराठी भाषांतरात ‘इष्ट स्त्री’ किंवा ‘वांछनीय पुरुष’ असे वाचताना फार खटकते.

उपप्रतिसाद : धागाकर्ता

खटकणे स्वाभाविक आहे, कारण तेथे योग्यतेचा निर्णय नसून आकर्षणाचा अनुभव सांगितलेला असतो, आणि ‘इष्ट’ तर आता पूर्णपणे निर्णयाच्या बाजूला गेलेला शब्द आहे. येथे मराठीकडे शब्दांची उणीव नाही. ‘कम्’ म्हणजे इच्छिणे या धातूपासून आलेला ‘कमनीय’ हा अक्षरशः ‘डिझायरेबल’च आहे, जरी आज तो मुख्यत्वे बांध्याच्या सौंदर्यापुरता उरला आहे. ‘कांत’ आणि ‘कांता’ हेही त्याच धातूचे, म्हणजे ज्याची किंवा जिची इच्छा केली ते. पण वाक्यात जिवंतपणा हवा असेल, तर मी ‘हवाहवासा’ आणि ‘हवीहवीशी’ यांनाच पसंती देईन. त्या शब्दातील द्विरुक्ती आणि ‘सा’ प्रत्यय मिळून जी ओढ व्यक्त होते, ती कोणत्याही तत्सम शब्दात येत नाही. एखाद्याचे यश, पद किंवा कौशल्य पाहून इतरांनाही ते आपल्याला मिळावे असे वाटत असेल, तर ‘स्पृहणीय’ योग्य ठरतो. व्यक्तीच्या शारीरिक आकर्षणासाठी तो वापरू नये.

प्रतिसाद : तत्त्वज्ञानाच्या एक विद्यार्थिनी

‘अनिष्ट’विषयीही बोलायला हवे. ‘अनडिझायरेबल’ला आपण सर्रास ‘अनिष्ट’ म्हणतो, परंतु मराठीत ‘अनिष्ट’ फार जड झालेला आहे. त्यात संकटाची, अशुभाची छाया आहे. औषधाने तोंड कोरडे पडते हा ‘अनडिझायरेबल’ परिणाम खरा, पण त्याला ‘अनिष्ट परिणाम’ म्हटल्यास रुग्ण औषधच सोडून देण्याची शक्यता असते. तेथे ‘नकोसा परिणाम’ पुरे. इंग्रजीत हा शब्द नाम म्हणून, माणसांच्या समूहासाठीही वापरला गेला आहे, आणि त्या वापराविषयी मला तीव्र नापसंती व्यक्त करावीशी वाटते. ‘नको असलेले लोक’ म्हणताना नको म्हणणारा कोण हे निदान विचारता येते. ‘अनिष्ट लोक’ म्हटले की तो दोष जणू त्या लोकांच्या ठायीच आहे असे भासते आणि नको म्हणणारा दृष्टीआड होतो.

याउलट, पोलिसांच्या भाषेतील ‘पाहिजे असलेला आरोपी’ घ्या. तो सगळ्यांत जास्त हवा असतो, पण त्याला इष्ट कुणी म्हणणार नाही. मूर यांचा आक्षेप समजावून सांगायला मराठीत याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

प्रतिसाद : मानसशास्त्राचे एक अध्यापक

आमच्याकडे ‘सोशल डिझायरेबिलिटी’ ही संज्ञा आहे. प्रश्नावली भरताना माणसे अनेकदा स्वतःविषयी खरे उत्तर न देता समाजाला पसंत पडेल असे उत्तर देतात, त्या प्रवृत्तीला हे नाव आहे. ही प्रवृत्ती मोजण्यासाठी क्राउन आणि मार्लो या मानसशास्त्रज्ञांनी 1960 मध्ये 33 विधानांची एक मापनश्रेणी तयार केली. प्रत्येक विधान आपल्याबाबतीत खरे की खोटे, एवढेच सांगायचे असते, आणि विधाने अशी निवडलेली असतात की ती समाजाला पसंत असली तरी प्रत्यक्षात फार थोड्यांना लागू पडावीत. या संज्ञेचे ‘सामाजिक इष्टता’ असे भाषांतर प्रचलित आहे आणि विद्यार्थी त्याचा अर्थ ‘समाजासाठी हितकारक’ असा लावतात, जो पूर्ण चुकीचा आहे. येथे इच्छा समाजाची आहे, आणि ती योग्य आहे की नाही याविषयी संज्ञा काहीच सांगत नाही. मी वर्गात ‘लोकमान्य दिसण्याची ओढ’ असे समजावून सांगतो आणि मगच संज्ञेकडे वळतो.

आपल्या आत्याबाईंचा “कुणी?” हा प्रश्न मला या संपूर्ण चर्चेत सर्वांत उपयोगी वाटतो. इच्छा कुणाची हे सांगता येत असेल, तर ‘हवे’च्या कुळातील शब्द घ्यावा, कुणाचेही नाव न घेता योग्यता सांगायची असेल, तर ‘इष्ट’ घ्यावा.

उपप्रतिसाद : एक नियमित वाचक

या संदर्भात पसायदान आठवले. ‘जो जे वांछील तो ते लाहो’ हे चरण आपण अनेकदा एकटेच उद्धृत करतो, आणि मग दुष्टाने वांछिले तर काय, असा प्रश्न विचारला जातो. परंतु त्याच्या आधी खळांची व्यंकटी सांडो, त्यांची सत्कर्मी रती वाढो, दुरितांचे तिमिर जावो, अशी मागणी आलेली आहे. आधी वांछा वांछनीय होऊ दे, आणि मग ती पूर्ण होऊ दे, असा तो क्रम आहे.

धागाकर्ता

हा क्रम माझ्या ध्यानात कधीच आला नव्हता. पुन्हा एकदा सर्वांचे आभार.

पत्रकाविषयी जे ठरवले आहे, ते कळवतो. अभियंत्यांनी सुचवल्याप्रमाणे शेजारचे शब्द पाहिले. ‘सीमारेषेवर’ आणि ‘जास्त’ हे दोन्ही शब्द साधे, बोलण्यातले आहेत, त्यामुळे त्यांच्या रांगेत ‘वांछनीय’ एकटाच परका दिसत होता. ‘सामान्य’ असे लिहिण्याचा मोह झाला होता, पण तो टाळला, कारण बहुसंख्य लोकांमध्ये आढळणारी पातळी आणि आरोग्यासाठी योग्य असलेली पातळी या एकच असतील असे नाही, आणि मूळ तक्त्यात ‘नॉर्मल’ हा शब्द टाळून ‘डिझायरेबल’ योजला आहे, तो भेद भाषांतरातही राखणे मला आवश्यक वाटते. ‘हवी तितकी’ असाही एक पर्याय मनात होता, परंतु मराठीत “हवी तितकी घ्या” म्हणजे मर्यादा नाही असा अर्थ होतो, जो येथे नेमका उलटा ठरला असता.

आता तक्त्यात “इष्ट पातळी” असे लिहिले आहे आणि खाली एक वाक्य जोडले आहे : “एकूण कोलेस्टेरॉल 200 च्या आत असलेले बरे.” हा मसुदा आत्याला पुन्हा वाचायला दिला. या वेळी तिने कुणी असे विचारले नाही. तिचे 214 आहे, तेव्हा ते आत आणायला काय करायचे, एवढेच विचारले. पत्रकाचा पुढचा भाग त्याविषयीच आहे आणि त्याचे भाषांतर मी आजपासून सुरू करत आहे.